महागडा स्पार्क प्लग नेमके काय देतो?

पेट्रोलची गाडी तीस-चाळीस हजार किलोमीटरची झाली की सर्व्हिसच्या वेळी प्लग बदलण्याचा विषय निघतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो: कंपनीचेच साधे प्लग टाकायचे की बाजारात मिळणारे इरिडियमचे? दुसऱ्या पर्यायाची किंमत तिप्पट-चौपट असते आणि ती सांगताना पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज सुधारेल, सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होईल, अशी आश्वासने हमखास जोडली जातात. त्यांत तथ्य किती आहे हे ठरवण्यासाठी प्लग इंजिनात काय करतो आणि तो झिजतो कसा, हे आधी पाहावे लागते. (डिझेल गाडीच्या मालकांनी लेख इथेच सोडला तरी चालेल. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. ज्याला गॅरेजमध्ये हीटर प्लग म्हणतात तो मुख्यतः थंड इंजिन सुरू होताना आतली जागा तापवण्यापुरता असतो.)

प्लगच्या तळाशी दोन इलेक्ट्रोड असतात. एक मधला, पांढऱ्या सिरॅमिकच्या नळीतून किंचित बाहेर आलेला. दुसरा प्लगच्या लोखंडी अंगाला जोडलेला आणि पहिल्याच्या डोक्यावर वाकवलेला. दोहोंमधल्या फटीला गॅप म्हणतात आणि बहुतेक मोटारींत ती ०.७ ते १.१ मिलिमीटर एवढी असते. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइलमध्ये हजारो व्होल्टपर्यंत चढवले जातात, वीज ही फट ओलांडते आणि दाबल्या गेलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात ठिणगी पडते. फट ओलांडायला किती व्होल्ट लागतील हे तीन गोष्टींवर ठरते: फट किती रुंद आहे, सिलिंडरमध्ये त्या क्षणी दाब किती आहे आणि इलेक्ट्रोडचे टोक किती बारीक व धारदार आहे. पुढचा बहुतेक विषय या तीन गोष्टींतूनच उलगडतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक प्लगची एक ठिणगी पडते. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे असे धरले, तर मिनिटाला, म्हणजेच दर किलोमीटरला, एका प्लगच्या १००० ठिणग्या होतात आणि चाळीस हजार किलोमीटरमध्ये चार कोटी. प्रत्येक ठिणगी धातूचा अतिसूक्ष्म अंश उडवून नेते, शिवाय जळत्या वायूंची उष्णता आणि रसायने टोकाला खात राहतात. त्यामुळे नव्या प्लगची चौकोनी धार हळूहळू गोल होते, फट रुंदावते आणि तीच ठिणगी पाडायला कॉइलला अधिकाधिक व्होल्ट द्यावे लागतात. हे आपल्याला बराच काळ जाणवत नाही, कारण कॉइलकडे राखीव ताकद असते. ती ताकद अपुरी पडू लागली की पहिला फटका चढावर बसतो. सपाट रस्त्यावर सुरळीत चालणारी गाडी खंबाटकीच्या चढात वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मिसिंग मारते, याचे कारण एवढेच की जोर लावताना सिलिंडरमध्ये जास्त हवा भरली जाते, दाब वाढतो आणि वाढलेल्या दाबात झिजलेल्या प्लगची ठिणगी अधूनमधून पडतच नाही.

आता धातूंकडे येऊ. साध्या प्लगची टोके निकेलच्या मिश्रधातूची असतात आणि मधला इलेक्ट्रोड साधारण २.५ मिलिमीटर जाड असतो. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १७६८ अंशांना आणि इरिडियम सुमारे २४४६ अंशांना. इरिडियम प्लॅटिनमपेक्षा बरेच कठीणही आहे. टिकाऊ धातूचे टोक बारीक ठेवता येते, म्हणून इरिडियम प्लगचा मधला इलेक्ट्रोड एनजीकेच्या अनेक प्लगांत ०.६ मिलिमीटर, तर डेन्सोच्या काही प्लगांत अवघा ०.४ मिलिमीटर असतो. बारीक टोकाभोवती विद्युतक्षेत्र एकवटते, त्यामुळे कमी व्होल्टमध्ये ठिणगी पडते. शिवाय जन्मलेल्या इवल्याशा ज्योतीची उष्णता शोषून घ्यायला आसपास धातू कमी असतो. हे दोन्ही फायदे खरे आहेत.

याच संदर्भात एक समज फार पसरलेला आहे: तांब्याचा प्लग सर्वात चांगला, कारण तांबे वीज सर्वात चांगली वाहते. ज्याला ‘कॉपर प्लग’ म्हणतात त्याच्या टोकाशी तांबे नसतेच. ते निकेल असते. तांबे असते आतल्या गाभ्यात आणि तेही टोकाची उष्णता वर, इंजिनच्या हेडकडे, ओढून नेण्यासाठी. प्लॅटिनम आणि इरिडियमच्या प्लगांतही तसाच तांब्याचा गाभा असतो. वीज वाहण्याच्या क्षमतेचा मुद्दा तर आपोआपच निकालात निघतो, कारण आजच्या जवळजवळ प्रत्येक प्लगमध्ये रेडिओ आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटला खरखर लागू नये म्हणून सुमारे ५००० ओहमचा रेझिस्टर मुद्दाम बसवलेला असतो. एवढा अडथळा वाटेत असताना टोकाच्या धातूचा नगण्य विद्युतरोध कोणाच्या खिजगणतीत असणार?

पिकअप आणि अ‍ॅव्हरेजच्या दाव्यांसाठी थोडा हिशेब करावा लागेल. लिटरमागे २० किलोमीटर देणारी तीन सिलिंडरची गाडी घ्या. वरच्या आकड्यांप्रमाणे तिच्यात एका लिटरमध्ये ६० हजार वेळा मिश्रण पेटते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे प्रत्येक वेळी पाचशेहून अधिक ज्यूल मोकळे होतात. ठिणगीची स्वतःची ऊर्जा असते एका ज्यूलचा विसावा भाग किंवा त्याच्या आसपास. म्हणजे पेटणाऱ्या इंधनापुढे ठिणगी दहा हजारांत एक एवढीच आहे आणि तिचे काम फक्त सुरुवात करून देण्याचे आहे. चूल साध्या काडीने पेटवली काय किंवा महागड्या लायटरने पेटवली काय, भाकरीला त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो काडी पेटलीच नाही तर.

शिवाय, तंदुरुस्त आणि तापलेल्या इंजिनात पेट्रोलमधली साधारण ९५ ते ९८ टक्के ऊर्जा ज्वलनातून आधीच मोकळी होत असते. ती चाकांपर्यंत पूर्ण पोहोचत नाही याला न जळलेले पेट्रोल कारणीभूत नसून, एक मोठा वाटा सायलेन्सरमधून गरम धुरासोबत आणि दुसरा रेडिएटरमधून बाहेर पडतो हे आहे. प्लग कितीही उंची असला तरी या दोन वाटा बंद करू शकत नाही. त्यामुळे केवळ प्लग बदलून दहा टक्के अ‍ॅव्हरेज वाढल्याचे कोणी सांगितले तर दोनच शक्यता उरतात: एकतर जुने प्लग इतके झिजलेले होते की काही फेऱ्या वाया जात होत्या, किंवा मोजमापात गफलत आहे. पहिली शक्यता बरीच मोठी आहे. लोक नव्या इरिडियमची तुलना पन्नास हजार किलोमीटर झालेल्या जुन्या निकेलशी करतात आणि श्रेय इरिडियमला देतात. त्या दिवशी नवे निकेल टाकले असते तरी गाडी तशीच खूश झाली असती.

असे दावे अमेरिकेत सरकारी पातळीवरही तपासले गेले आहेत. तिथे १९९० च्या दशकात ‘स्प्लिटफायर’ नावाचा, बाजूचा इलेक्ट्रोड इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला प्लग जोरात विकला जात होता. त्याने इंधन वाचते आणि ताकद वाढते या जाहिरातींना पुरेसा पुरावा नाही, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर ठेवला आणि तसे दावे पुराव्याशिवाय न करण्याच्या अटीवर ते प्रकरण मिटले. तीन किंवा चार बाजूच्या इलेक्ट्रोडांच्या प्लगांबद्दलही असाच गैरसमज आढळतो. चार टोके असली तरी एका वेळी ठिणगी एकाच वाटेने जाते, जी त्या क्षणी सर्वात सोपी असेल तिने. झीज चार ठिकाणी वाटली जाते म्हणून असा प्लग जास्त टिकतो. चार ठिणग्या पडत नाहीत.

तेव्हा महागडा प्लग विकत देतो ते आयुष्य. निकेलचा प्लग साधारण तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतो. चांगला इरिडियम प्लग ऐंशी हजार ते एक लाख, कधी त्याहून अधिक. यातला ‘चांगला’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे आणि बाजारातली खरी गुंतागुंत तिथेच आहे, कारण खोक्यावर ठळकपणे ‘इरिडियम’ लिहिलेले सगळे प्लग एकाच जातीचे नसतात.

झीज दोन्ही इलेक्ट्रोडांची होते. मधल्या टोकाला इरिडियम लावले आणि बाजूचा इलेक्ट्रोड साध्या निकेलचाच ठेवला, तर मधले टोक लाख किलोमीटर टिकेल, पण समोरचे त्याच्या कितीतरी आधी खड्डा पडून मागे सरकेल आणि गॅप वाढायची ती वाढेलच. गाडी कारखान्यातून येतानाच ज्यांत इरिडियम प्लग बसवलेले असतात, त्यांच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवरही सहसा प्लॅटिनमचा छोटा तुकडा वेल्डिंग करून बसवलेला असतो. एनजीकेच्या ‘लेझर इरिडियम’ मालिकेची रचना अशी आहे. त्याच कंपनीची ‘इरिडियम आयएक्स’ ही मालिका, किंवा डेन्सोची ‘इरिडियम पॉवर’, ही बाहेरून खरेदी करणाऱ्या हौशी ग्राहकासाठी आहे. तिच्यात मधले टोक बारीक इरिडियमचे, पण बाजूचे टोक निकेलचे असते. ठिणगी सहज पडावी हा तिचा हेतू आहे आणि आयुष्य दोन्ही बाजूंना मौल्यवान धातू असलेल्या प्लगच्या ढोबळमानाने निम्मे. कंपन्या हे लपवत नाहीत. ग्राहक मात्र दोन्ही खोक्यांवर एकच धातू वाचतो आणि दुकानात ‘यापेक्षा भारी’ म्हणून दिलेला प्लग लावून, मुळात लाख किलोमीटरचे असलेले आयुष्य स्वतःच पैसे मोजून कमी करून घेतो.

ओळखायचे कसे? प्लग उजेडात धरून बाजूच्या वाकलेल्या इलेक्ट्रोडची आतली, म्हणजे मधल्या टोकाकडे तोंड असलेली बाजू पाहावी. तिथे टाचणीच्या डोक्याएवढी, वेगळ्या चमकेची चकती किंवा उंचवटा दिसला तर तो प्लॅटिनमचा तुकडा. सलग एकाच रंगाचा धातू किंवा नुसती खाच दिसली तर निकेल. दुकानदाराला विचारण्यापेक्षा हे अधिक भरवशाचे आहे. काही जुन्या गाड्यांत दोन सिलिंडरांना मिळून एकच कॉइल असते आणि जोडीतल्या एका प्लगमध्ये वीज उलट दिशेने वाहते. त्या प्लगचा बाजूचा इलेक्ट्रोड जास्त झिजतो, म्हणून अशा गाडीत तर दोन्ही बाजूंचा धातू पाहिलाच पाहिजे.

आता खरेदीचा निर्णय. गाडीत कारखान्यातून इरिडियम किंवा प्लॅटिनमचे प्लग आले असतील, तर त्याच जातीचे पुन्हा टाकावेत. पैसे वाचवण्यासाठी निकेलवर उतरू नये आणि ‘परफॉर्मन्स’च्या नावाखाली दुसऱ्या मालिकेकडेही जाऊ नये. टर्बो लावलेल्या छोट्या इंजिनांच्या बाबतीत हे विशेष लागू आहे. त्यांच्या सिलिंडरमध्ये दाब खूप असतो, ठिणगी पाडणे मुळातच अवघड असते आणि अभियंत्यांनी बारीक टोक व लहान गॅप विचारपूर्वक निवडलेली असते.

गाडीत निकेलचेच प्लग आले असतील तर प्रश्न पैशांचा आणि सोयीचा आहे. समजा साधा प्लग १५० रुपयांना, दोन्ही टोकांना मौल्यवान धातू असलेला ६०० रुपयांना आणि प्लग बदलण्याची मजुरी दर वेळी २०० रुपये. तीन सिलिंडरच्या गाडीत एक लाख वीस हजार किलोमीटरमध्ये निकेलचे तीन संच लागतील आणि खर्च होईल १९५० रुपये. महागड्याचा एकच संच पुरला तर २०००. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण बाजूला निकेल असलेला इरिडियम प्लग त्याच ६०० रुपयांना घेतला आणि तो साठ हजारांतच संपला, तर खर्च ४००० होईल. उलट, ज्या इंजिनात प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी वरचा इनटेक मॅनिफोल्ड खोलावा लागतो आणि मजुरीच हजार रुपये होते, तिथे निकेलचा एकूण खर्च ४३५० आणि महागड्याचा २८०० भरतो आणि महाग प्लग स्वस्त ठरतो. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटरच चालणाऱ्या आणि चार-पाच वर्षांत विकायच्या गाडीला मात्र हा खर्च कधीच फिटणार नाही. आणि इंजिन ऑइल पीत असेल तर महागड्या प्लगचा विचारही करू नये. त्यावर ऑइलची काळी खपली साध्या प्लगइतकीच लवकर बसते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा विचार वेगळा करावा लागतो. वायूचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, त्यामुळे प्लगची झीजही लवकर होते आणि थोडी वाढलेली गॅप पेट्रोलवर खपून जाते ती सीएनजीवर लगेच मिसिंग म्हणून जाणवते. मुंबई-पुण्यात दिवसभर सीएनजीवर धावणाऱ्या गाडीला बारीक टोकाचा प्लग खरोखर उपयोगी पडतो आणि इथे मी तो घ्या असे निःसंकोच सांगेन. फक्त बदलण्याचे अंतर पेट्रोलच्या हिशेबाने धरू नये.

धातूपेक्षाही महत्त्वाची, पण काउंटरवर क्वचितच बोलली जाणारी गोष्ट म्हणजे हीट रेंज. प्लगचे टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिले तरच त्यावरची काजळी जळून जाते आणि ८५० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगी पडण्याआधीच त्या तापलेल्या टोकाने मिश्रण पेटते, ज्यात पिस्टनला भोक पडू शकते. टोक या मर्यादेत ठेवण्यासाठी उष्णता लवकर सोडणारे ‘थंड’ आणि हळू सोडणारे ‘गरम’ प्लग बनवतात. गोंधळ असा की एनजीके आणि डेन्सोच्या कोडमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियनच्या कोडमध्ये आकडा वाढला की गरम. शिवाय एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा साधारण २०. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या खोक्यावर शोधून प्लग घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

एक कोड उदाहरणादाखल वाचू: बीकेआर६ई-११. बीके म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे आणि १६ मिलिमीटरचा पाना; आर म्हणजे रेझिस्टर; ६ ही हीट रेंज; ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर; ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. यातली आट्यांची लांबी चुकली तर जास्त लांब प्लगवर पिस्टन आदळू शकतो आणि आखूड प्लग लावला तर हेडमधल्या उघड्या आट्यांवर काजळी बसून पुढचा योग्य प्लग आत जात नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला कोड कागदावर लिहून दुकानात न्यावा. नामवंत कंपन्यांच्या प्लगांच्या नकलाही बाजारात येतात, त्यामुळे छपाई पुसट, आटे खरखरीत किंवा किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर प्लग परत करावा.

जुने प्लग काढल्यावर त्यांचा रंग पाहणे फुकटचे निदान आहे. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा सतत छोट्या फेऱ्या. ओलसर चकचकीत काळेपणा म्हणजे ऑइल. पांढरे, फोड आल्यासारखे टोक म्हणजे अति तापणे. सिरॅमिकवर, लोखंडी भागाच्या लगेच वर, तपकिरी कडे दिसते तेव्हा अनेक जण प्लग ‘लीक’ झाल्याचे सांगतात. तो बहुधा उच्च दाबाच्या विजेने ओढून घेतलेल्या हवेतल्या तेलकट कणांचा डाग असतो आणि त्याने काही बिघडत नाही.

बारीक टोकाचा प्लग पॉलिश पेपर किंवा तारेच्या ब्रशने घासू नये, कारण इरिडियम कठीण असले तरी ठिसूळ आहे आणि ०.४ मिलिमीटरचे टोक चटकन तुटते. गॅप तपासायची तर गोल तारेच्या गेजने, मधल्या टोकावर जोर न देता. प्लग बसवताना इंजिन थंड असावे आणि जुना प्लग सैल करण्याआधी खोबणीतली धूळ व पाणी हवेने उडवून द्यावे. पावसाळ्यात किंवा प्रेशरने इंजिन धुतल्यावर तिथे साचलेल्या पाण्यानेही मिसिंग होते आणि त्याचा दोष विनाकारण प्लगवर येतो. आट्यांना ग्रीस लावू नये. बहुतेक नव्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो आणि ग्रीसमुळे नकळत जास्त आवळला जाऊन अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. वॉशर असलेला १४ मिलिमीटरचा नवा प्लग हाताने पूर्ण टेकेपर्यंत फिरवावा आणि नंतर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. वॉशरऐवजी निमुळती बैठक असलेल्या प्लगला एका फेऱ्याचा सोळावा भाग पुरतो.